तुझी किडनी, माझी स्लाइड

आई,

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तशी वेळच आली नाही. आपण दोघी जन्मभर सिल्वासातच, एकाच सरकारी क्वार्टरमध्ये समोरासमोर बसून भांडत राहिलो, आणि लग्न होऊन मी राखोलीच्या रस्त्याला राहायला गेले तेव्हाही तू रोज संध्याकाळी फोन करून उरलेलं भांडण पुरं करायचीस. तू गेलीस त्या वर्षी जन्मलेला आमच्या शेजारचा मुलगा आता माझ्यापेक्षा उंच झालाय. आज मी वापीच्या हॉस्पिटलात खाटेवर बसून हे लिहितेय. दुपारी सलाइन लावणार आहेत. नवरा खाली औषधं आणायला गेलाय आणि तिथे रांग आहे. तो वर यायच्या आत होईल तेवढं लिहिते, कारण त्याच्यासमोर मला हे लिहिता येणार नाही.

तुझी किडनी बिघडतेय. माझ्या दोन्ही तर केव्हाच वाळून गेल्या, हे तुला माहीत आहे; पोटात उजव्या बाजूला तू दिलेली एकटीच इतकी वर्षं राबत होती. गेल्या वर्षी रक्तातलं क्रिएटिनिन जरा वाढलं, डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, ते उतरलं. दिवाळीनंतर परत वाढायला लागलं आणि आता दर तपासणीला वर सरकतंय. पाय सुजतात. सकाळी तोंडाला धातूची चव येते. तीच ती चव, जिच्यावरून, माझ्या स्वतःच्या किडन्या जाताना, तू मला आधी ओरडली होतीस, की दात नीट घासत नाहीस, आणि मग डॉक्टरकडे नेलं होतंस. भेटायला येणारे म्हणतात, इतकी वर्षं चालली हेच नशीब म्हणायचं. मला त्यांच्या तोंडावर दार लावून घ्यावंसं वाटतं. जुना फ्रिज असल्यासारखं बोलतात. चालली म्हणजे काय? ती माझी आई आहे, असं ओरडून सांगावंसं वाटतं, आणि मग मी त्यांना चहा करून देते.

आपलं कधी कशात जमलं नाही ना. भाजीत गूळ घालायचा की नाही इथपासून. तू डहाणूची, तुला सगळ्यात ओलं खोबरं लागायचं; मला त्या वासानेच मळमळायचं. आणि मुंबईच्या डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की मॅच छान आहे, तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "घ्या. एवढं एक जमलं म्हणायचं आपलं." तिथे बसलेली नर्ससुद्धा हसली. ऑपरेशननंतर तू त्या विषयावर कधी बोलली नाहीस. माझ्यावर उपकार केलेत असं एकदाही जाणवू दिलं नाहीस, आणि मला त्याचाच राग यायचा. फक्त एकदा बोललीस, हे मला बघायला आले तेव्हा. पोह्यांची बशी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणालीस, "हिच्या पोटात माझी किडनी आहे. रोज गोळ्या घ्याव्या लागतात, जन्मभर. चालत असेल तर चहा घ्या." नाशिकचा हा साधा माणूस, गलोंड्याच्या फॅक्टरीत शिफ्ट सांभाळणारा, त्याने आधी कप उचलला आणि मग माझ्याकडे बघितलं. तो अजूनही हे सगळ्यांना रंगवून सांगतो.

आता जे झालंय ते तुला नीट समजावून सांगते, नाहीतर तू मध्येच प्रश्न विचारशील. परकी वस्तू शरीराला सहन होत नाही, म्हणून मी ज्या गोळ्या घेते त्या माझ्या प्रतिकारशक्तीला गुंगीत ठेवतात. गुंगी कमी पडली की शरीर उठतं आणि परक्या किडनीवर धावून जातं. त्याला रिजेक्शन म्हणतात. गुंगी जास्त झाली तर दुसरंच संकट. एक विषाणू असतो, बहुतेक सगळ्यांच्याच किडनीत लहानपणापासून निपचित पडलेला, कुणाला त्रास न देणारा. राखणदार गुंगीत दिसला की तो उठतो, पेशींच्या आत आपल्या प्रती काढत सुटतो आणि किडनी पोखरतो. दोन्हींत क्रिएटिनिन वाढतं. दोन्हींत नेहमीच्या रंगाच्या स्लाइडवर तशीच सूज दिसते. आणि उपाय एकमेकांच्या अगदी उलटे. रिजेक्शन असेल तर जबर इंजेक्शनं देऊन प्रतिकारशक्ती आणखी दाबायची. विषाणू असेल तर गोळ्या कमी करून तिला जागं करायचं. उलटं केलं तर किडनी हातची गेली. माझ्या रक्तात विषाणू सापडला, पण इतका थोडा की त्यावरून कुणी काही छातीठोक सांगेना.

वापीचे डॉक्टर गुजराती आहेत, भला माणूस. म्हणाले, "देखो बेन, अंदाज़े से दवा मैं नहीं दूँगा. बायॉप्सी करते हैं. लेकिन सोमवार तक ही रुक सकता हूँ." सुईने तुझ्या किडनीचा शेवईच्या तुकड्याएवढा भाग काढला. आता या भागात या विषाणूचा स्टेन फक्त मी नोकरी करते त्या लॅबमध्ये होतो, आणि तो तिथे मी बसवलाय. म्हणजे तो तुकडा फिरून माझ्याच टेबलावर आला.

स्टेन म्हणजे काय ते सांगते. एका बोटभर कुपीत अँटिबॉडी येते, पाण्यासारखी दिसणारी. ती एका ठराविक प्रथिनालाच चिकटते, बाकी कशाला नाही. विषाणू आपल्या प्रती काढायला लागला की हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात तयार होतं. त्याच्याशिवाय त्याला प्रती काढताच येत नाहीत. विषाणू नुसता झोपलेला असेल तर ते नसतं. गंमत म्हणजे ही अँटिबॉडी मुळात माकडातल्या एका विषाणूच्या प्रथिनासाठी बनवलेली आहे, पण आपला विषाणू त्याचा चुलतभाऊ, तोंडवळा सारखा, म्हणून ती यालाही ओळखते. ती जिथे चिकटेल तिथे आम्ही रंग चढवतो आणि ते केंद्रक तपकिरी दिसतं. बाकी सगळं निळं. तपकिरी म्हणजे विषाणू कामाला लागलाय. निळं म्हणजे नाही.

आमच्या मॅडम, लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट, पुण्याच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेतलं. "या केसला तू हात लावायचा नाहीस. घरी जा, नाहीतर बाहेर बस. आपल्या माणसाच्या स्लाइडवर माणसाला हवं ते दिसतं." मी मान डोलावली, आणि मला तू आठवलीस. चौथीत तू माझ्या वर्गाला शिकवत होतीस आणि मी हात वर करून "आई, पाणी प्यायला जाऊ?" म्हणाले होते. सगळा वर्ग हसला. तू मला दाराबाहेर उभं केलंस. "शाळेत मी कुणाची आई नाही," म्हणालीस. माझे पेपरसुद्धा तू तपासायची नाहीस, शेजारच्या वर्गावरच्या गुरुजींकडे द्यायचीस, आणि ते बिचारे तुला घाबरून मला दोन मार्क कमीच द्यायचे. मी तेव्हा तुला पोटातून शाप दिले होते. परवा मॅडमसमोर उभी राहून मला वाटलं, तू असतीस तर मॅडमच्याच बाजूने बोलली असतीस.

तर स्टेन लॅबमधल्या माझ्या जोडीदारणीने केला. अथालहून येते ती, गुजराती, माझ्याहून वयाने मोठी. मी बाहेर बाकावर बसले होते. ती बाहेर आली तेव्हाच तिच्या तोंडावरून मला कळलं. "बेन, तुमचं सगळं निळं हाय. पण कंट्रोल पण निळंच. जरा पण ब्राऊन नथी."

कंट्रोल म्हणजे, आई, काचेच्या दुसऱ्या टोकाला आम्ही नेहमी असा एक काप लावतो ज्यात विषाणू नक्की आहे हे आधीच ठाऊक असतं. तो तपकिरी झाला पाहिजे. झाला तरच अँटिबॉडीने काम केलं असं धरायचं. तोच निळा राहिला तर दुसऱ्या टोकाचा निळा काहीच सांगत नाही. तो निर्दोष असेल, किंवा अँटिबॉडी मेलेली असेल. मॅडमनी कपाळाला हात लावला. सगळ्यांनी कुपीलाच दोष दिला. ती नवीन होती, कुरिअरवाल्याने बर्फाचा डबा वापीच्या गोदामात शनिवार-रविवार तसाच ठेवला होता, उन्हाने गेली असणार. दुसरी मागवायची तर आठवडा. मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला. ते पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण मॅडम सारख्या "समजतंय, समजतंय" म्हणत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "सोमवारी ते इंजेक्शनं सुरू करतील. रिपोर्ट असो वा नसो. रिजेक्शन धरून चालतील."

धरून चालतील. मी बाकावरून उठलेच नाही. विषाणू असला आणि इंजेक्शनं दिली तर तुझी किडनी त्याला ताटात वाढून दिल्यासारखी होणार होती. पोटावर हात ठेवून बसले होते, गरोदर बाई बसते तशी. मला तुझ्यावर भयंकर राग आला, तू मरून गेलीस याचा. असतीस तर तू मॅडमशी भांडली असतीस, कुरिअरवाल्याशी भांडली असतीस, आणि मला म्हणाली असतीस, रडतेस काय, डोकं चालव.

मग मी डोकं चालवलं. जोडीदारणीला विचारलं, कंट्रोलचा काप कुठून घेतला? म्हणाली, "डब्यातून. तुम्हीच कापून ठेवले ने, बेन." तुला आठवतं, रविवारी तू आठवड्याची भाजी चिरून ठेवायचीस? जमिनीवर कागद पसरून, विळी घेऊन, एकदा बसलीस की फरसबी, कोबी, गाजर सगळं डब्यांत. शाळा सांभाळून दुसरं काय करणार होतीस. तीच सवय मला लागली. कंट्रोलचा तुकडा ज्या मेणात बसवलेला असतो तो ठोकळा यंत्रावर चढवायचा, थंड करायचा, जुळवायचा, दर वेळी कोण करत बसणार. म्हणून मी गेल्या उन्हाळ्यात एका दिवशी बसून डबाभर काप कापून काचांवर चढवून ठेवले होते. सगळे खूश. काम झटपट व्हायला लागलं. पण कापलेला काप हवेवर राहिला की त्यातलं प्रथिन हळूहळू मरतं, अँटिबॉडीला मग तिथे काही सापडत नाही. हे मला माहीत होतं, शिकतानाच शिकवलं होतं. इतक्या दिवसांत डबा संपेल असं वाटलं होतं, आणि आमच्याकडे अशा केसेस येतात किती. तू निदान भेंडी आदल्या दिवशी चिरायची नाहीस. मी भेंडीही चिरून ठेवली.

म्हणजे कुपी चांगली असू शकत होती. मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "अँटिबॉडी मेलेली नाही. माझे काप मेलेत. ताजा कंट्रोल कापू या." मॅडमनी डब्यावरची तारीख बघून घेतली. रागावल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. अडचण अशी की कंट्रोलचा ठोकळा संपत आला होता, आणि त्याहून मोठी अडचण, माझ्या ठोकळ्यात तुझा तुकडा नावालाच उरला होता. आधीच्या स्लाइडांतच बराचसा गेला होता. आणखी एकदा पात्यावर धरायचा, तोही हात न चुकता. जोडीदारणीने सरळ हात जोडले. "मॅडम, मी नाय कापणार. माझा हात थरथरे छे. बेनचा हात चांगलाय, त्यांना कापू द्या." खरं आहे ते, लॅबमध्ये कापायला माझ्याइतका हात कुणाचा नाही. मॅडमनी ठोकळा खिडकीच्या उजेडात धरून बघितला. मग म्हणाल्या, "कापणं वेगळं, बघणं वेगळं. काप तू. बघणार मी."

आई, मी तुला कापलं. ठोकळा यंत्रात बसवला, बर्फावर गार केला, चाक धरलं. पांढऱ्या मेणात तो बारीक करडा धागा दिसत होता, आणि मला एकदम तुझी पाठ आठवली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आंघोळ घालताना मी चोळली होती ती. त्या बाजूला हात गेला तशी तू म्हणालीस, "तिथे जपून, ते आता तुझं आहे." मी चाक फिरवलं. पहिला काप फाटला. दुसराही फाटला. माझ्या तोंडून "आई गं" निघालं आणि मला स्वतःचीच लाज वाटली. तिसरा अखंड आला, त्याला चिकटून चौथा. कोमट पाण्यावर सोडले, ते पसरले, सुरकुत्या गेल्या, आणि मी काच खालून घालून उचलून घेतले. दुसऱ्या टोकाला ताजा कंट्रोल, कुणा तरुणाच्या निकामी झालेल्या किडनीचा. त्याला ती कुणी दिली होती ते ठोकळ्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या मागे जोडीदारणीने सोडलेला श्वास मला ऐकू आला. ठोकळ्यात आता मेणच उरलं होतं.

पुढचं तू बघितलं असतंस तर हसून लोळली असतीस. स्टेन करण्याआधी त्या काचा प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात. औषधात बुडवून ठेवल्याने तुकड्यातली प्रथिनं आखडतात, अँटिबॉडीला हात शिरवता येत नाही. उकळल्यावर मोकळी होतात. मोठ्या लॅबांत त्यासाठी यंत्र असतं. आमच्याकडे साधा घरातला कुकर आहे, आणि कुणी चुकून त्यात डाळ लावू नये म्हणून झाकणावर लाल फुली मारलेली आहे. मी आणि जोडीदारीण त्या कुकरपुढे उभ्या राहिलो, वाफ कधी धरतो याची वाट बघत. ती तिच्या देवीचं नाव घेत होती. मला कुठल्याच देवाचं सुचेना. कुपीतली अँटिबॉडी मीच घातली, थेंब थेंब, तुकड्याच्या कडेबाहेर न जाऊ देता, आणि झाकून ठेवली. मग वाट बघणं. हातात नुसता वेळ असला की काय काय मनात येतं ते तुला सांगत नाही.

संध्याकाळपर्यंत स्लाइड तयार झाली. मॅडम खाली कुणाशी तरी बोलत होत्या. काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली ती मीच, नियम मोडून. आधी कंट्रोल बघितला. तपकिरी. केंद्रकं टपोरी, भाजलेल्या कॉफीच्या दाण्यांसारखी, एकेक स्पष्ट. म्हणजे कुपी जिवंत होती. मग काच सरकवून तुझ्याकडे आले. निळं. मी हळूहळू पुढे गेले, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, परत मागे. निळं. मॅडम आल्या, मला उठवलं, स्वतः बसल्या, त्यांनीही तसंच सगळं बघितलं आणि माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "विषाणू नाही. क्लीन आहे."

म्हणजे रिजेक्शन. डॉक्टर फोनवर म्हणाले, "अच्छी बात है बेन, इसका इलाज है हमारे पास. कितना बचेगा, वो देखेंगे." नवऱ्याने देवापुढे साखर ठेवली. जोडीदारणीने मला मिठी मारली आणि दोघी रडलो, तिला वाटलं मी आनंदाने रडतेय. गोळ्या मी कधी चुकवल्या नाहीत, आई, तू शप्पथ घातली नसतीस तरी चुकवल्या नसत्या. तरीही हे झालं. डॉक्टर म्हणतात, होतं असं, इतक्या वर्षांनीही शरीर एखाद्या दिवशी ठरवतं की हे आपलं नाही. त्याला कारण लागत नाही. मी त्यांना विचारलं, पण मला तर ती हवी आहे ना? त्यांनी सलाइनमधून द्यायच्या इंजेक्शनांची चिठ्ठी लिहून दिली.

जिन्यात नवऱ्याच्या चपला वाजतायत. हे कागद मी पर्सच्या आतल्या कप्प्यात सरकवणार आहे आणि घरी गेल्यावर फाडणार आहे, कारण तुझ्याखेरीज कुणी वाचावेत असं त्यात काही नाही. एकच राहिलं. मॅडम यायच्या आधी मी त्या स्लाइडवर इतका वेळ जे शोधत होते, ते तपकिरी केंद्रक मला सापडायला हवं होतं. एखादं तरी. विषाणू असावा असं मला मनापासून वाटत होतं. मग मला म्हणता आलं असतं की कुणीतरी बाहेरचा आला आणि त्याने तुला खाल्लं. आता तसं म्हणता येत नाही. तुला बाहेर काढणारी मीच आहे, आणि मला तू हवी आहेस गं.